नकाशाचा समास : ऑनलाइन नकाशे आणि भौगोलिक आधारसामग्रीची विश्वसनीयता

स्थलदर्शक नकाशा वाचावयास शिकविताना विद्यार्थ्याचे लक्ष प्रथम नकाशाकडे नव्हे, तर त्याच्या समासाकडे वेधण्याची एक जुनी रीत आहे. पुणे शहर ज्यात येते ते भारतीय सर्वेक्षण खात्याचे ४७ एफ/१४ हे पत्रक उदाहरणादाखल घ्यावे. चौकटीबाहेरच्या पांढऱ्या पट्टीत पत्रकाचा क्रमांक, प्रमाण, समोच्चरेषांमधील अंतर, खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांमधील कोन, चिन्हांची सूची, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे सर्वेक्षणाचे वर्ष, इतका मजकूर छापलेला असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या नकाशा-विभागाने भारताचे १ : २,५०,००० या प्रमाणाचे जे नकाशे काढले, त्यांपैकी अनेकांच्या समासात तर एक लहानशी ‘विश्वसनीयता-आकृती’ असे, पत्रकाचा कोणता भाग भरवशाच्या सर्वेक्षणावर आधारलेला आहे आणि कोणता तितकासा नाही, हे तीवरून कळत असे. आपल्या अज्ञानाची सीमा नकाशाने स्वतःच आखून दाखवावी, ही गोष्ट सामान्य नव्हे.

ऑनलाइन नकाशाला समास नाही. पडद्याच्या चारही कडांपर्यंत नकाशाच पसरलेला असतो. तो कोठेही सरकवावा, कितीही मोठा करावा, त्याला शेवट येत नाही. कोपऱ्यात एक लहान प्रमाणपट्टी व प्रकाशनहक्काची एक ओळ तेवढी असते. ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांचा नकाशा २००४ साली, गूगलचा नकाशा २००५ साली व भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा ‘भुवन’ २००९ साली सुरू झाला. तेव्हापासून नकाशा ही तज्ज्ञांच्या कपाटातील वस्तू न राहता सर्वांच्या खिशातील वस्तू झाली, हे सर्वमान्यच आहे. परंतु या स्थित्यंतरात समास गळून पडला, इकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. ऑनलाइन नकाशे विश्वसनीय आहेत काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे एकच एक उत्तर संभवत नाही, कारण विश्वसनीयता हा नकाशाचा अंगभूत गुण नसून नकाशा व त्याला विचारलेला प्रश्न यांमधील तो संबंध आहे. आणि हा संबंध तपासण्याचे साधन म्हणजेच समास होय.

या नकाशांची उपयुक्तता वादातीत आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा मुक्त वापरास उपलब्ध असा तपशीलवार नकाशा जवळजवळ नव्हताच. जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रह-प्रतिमांवरून रस्ते व इमारती रेखून तो काही दिवसांत सिद्ध केला, आणि मदतपथकांनी तो वापरला. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळातही हेच घडले. महाराष्ट्रात २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो व त्याबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. घरपोच जेवण पोहोचविणारा मुलगा, रुग्णवाहिकेचा चालक, नव्या गावी बदली होऊन आलेली शिक्षिका या सर्वांचे दिवसाचे व्यवहार आता नकाशावाचून अडतात. रस्त्यावरील गर्दीचा अंदाज हा त्यातील सर्वांत नवलाचा भाग. तो चालत्या वाहनांतील दूरध्वनींच्या वेगावरून बांधला जातो. बर्लिनमधील सिमॉन वेकर्ट या कलावंताने २०२० च्या आरंभी एका हातगाडीत ९९ दूरध्वनी घालून ती रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढीत नेली, आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. नकाशा खोटे बोलला नाही. ‘येथे बरेच दूरध्वनी संथ गतीने चालले आहेत’ एवढेच त्याला ठाऊक होते, व ‘येथे वाहने तुंबली आहेत’ असे त्याने म्हटले. निरीक्षण व निष्कर्ष यांमधील हे अंतर सामान्य दिवशी दिसत नाही इतकेच.

प्रथम प्रमाणाचा विचार करू जाता असे दिसते की, छापील नकाशाचे प्रमाण ही त्याच्या अचूकतेचीही मर्यादा असे. १ : ५०,००० या प्रमाणावर कागदावरील अर्धा मिलिमीटर म्हणजे भूमीवरील २५ मीटर, रेखाटणाऱ्याचा हात कितीही स्थिर असला तरी याहून सूक्ष्म स्थाननिश्चितीची अपेक्षा अशा पत्रकाकडून करता येत नाही. हेच पत्रक अंकरूप केले की ती २५ मीटरांची अनिश्चितता नाहीशी होत नाही. ती केवळ दिसेनाशी होते. ऑनलाइन नकाशाच्या प्रत्येक पातळीला प्रतिमा दुपटीने मोठी होत जाते, आणि अठराव्या पातळीवर विषुववृत्तापाशी पडद्यावरील एक ठिपका सुमारे ६० सेंटीमीटर भूमी दाखवितो. त्यावर काढलेली रेघ मूळची कोणत्या प्रमाणाची, हे सांगावयास तेथे कोणी नसते. अक्षांश-रेखांशांचीही तीच गत आहे. यंत्र सहा दशांश स्थळांपर्यंत आकडे देते. अक्षांशातील सहावे दशांश स्थळ म्हणजे सुमारे ११ सेंटीमीटर. उलट, मोकळ्या आकाशाखाली सामान्य दूरध्वनीची स्थाननिश्चिती सुमारे ५ मीटरपर्यंतच खरी धरता येते, आणि उंच इमारतींच्या गल्लीत वा घाटाच्या कड्याखाली तेवढीही नाही. मुख्य रस्त्यावरील दुकान शोधावयास हे पुरेसे आहे. दहा मीटर रुंदीच्या शेताच्या पट्टीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा ठिपका शेजाऱ्याच्या बांधापलीकडे पडावयासही तेवढेच पुरेसे आहे. त्यातून महाराष्ट्रातील जुने गावनकाशे साखळी-मोजणीने तयार झालेले. ते अक्षांश-रेखांशांशी बांधलेले नव्हते. असा नकाशा उपग्रह-प्रतिमेवर ताणून बसविला की गट आणि बांध कोठे जुळतात, कोठे सरकतात, आणि दोष नकाशाचा की प्रतिमेचा की बसविणाऱ्याचा, हे केवळ पडद्याकडे पाहून ठरविता येत नाही.

प्रमाणाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका सुलभ रूपावर काढलेले असतात. त्यामुळे एकाच पातळीवर श्रीनगरजवळील एक किलोमीटर मुंबईजवळील एका किलोमीटरपेक्षा सुमारे १४ टक्के लांब दिसतो, आणि क्षेत्रफळाच्या बाबतीत हा फरक ३० टक्क्यांच्या घरात जातो. नकाशाचे अंतर्गत मोजसाधन ही दुरुस्ती आपोआप करते. पडद्याचे चित्र उतरवून घेऊन त्यावर पट्टी लावणारा विद्यार्थी ती करीत नाही. भारत ग्रीनलंडच्या सुमारे दीडपट मोठा आहे, हे अशा नकाशावरून कोणालाही खरे वाटणार नाही.

स्थान व उंची यांच्या मुळाशी असलेल्या आधारपद्धतीचा, सर्वेक्षक जिला डेटम म्हणतात तिचा, प्रश्न याहून गहन आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, त्याची गणिते पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर झाली. तो आकार भारतीय उपखंडाला चांगला जुळणारा होता. त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळावा अशी त्या काळी गरजही नव्हती व सोयही नव्हती. आजची उपग्रहाधारित स्थाननिश्चिती डब्ल्यूजीएस-८४ या पृथ्वीकेंद्रित पद्धतीवर चालते. परिणामी जुन्या पत्रकावरून वाचलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे ऑनलाइन नकाशात घातले, तर महाराष्ट्रात ती जागा साधारणतः शंभर मीटरांच्या पातळीवर सरकते. मंदिर नदीत जाते, विहीर रस्त्यावर येते. यात कोणाचीच चूक नसते. दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीत बरोबर असतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणाने नागरी वापरासाठी जी मुक्त मालिका ठरविली ती डब्ल्यूजीएस-८४ वर आहे, म्हणून नवी व जुनी पत्रके एकाच प्रबंधात वापरणाऱ्याने हा फरक प्रथम निस्तरावयास हवा.

उंचीच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो, कारण तेथे आकडा अगदीच निरुपद्रवी दिसतो. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची ही त्या गणिती आकारापासूनची उंची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेस गुरुत्वाकर्षणाच्या विषमतेमुळे समुद्राची मध्यम पातळी त्या गणिती आकाराच्या शंभर मीटरांहूनही अधिक खाली आहे, आणि या खळग्याचा उतार पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून गिरगावच्या चौपाटीवर उभ्या असलेल्या माणसाच्या यंत्राने असंस्कारित उंची दिली, तर ती उणे ६० ते ७० मीटर एवढी भरेल. यंत्रांतील प्रणाली बहुधा ही दुरुस्ती करून मगच आकडा दाखवितात; परंतु केली आहे की नाही, आणि कोणत्या प्रतिमानाने केली, हे आकड्यावर लिहिलेले नसते.

ज्या उंचीच्या आधारसामग्रीवर आज असंख्य प्रबंध उभे आहेत, ती बव्हंशी फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने गोळा केलेली आहे. एसआरटीएम या नावाने ती परिचित आहे. तिच्या ठरविलेल्या निकषानुसार उंचीतील चूक दहांपैकी नऊ ठिकाणी १६ मीटरांच्या आत असावी एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात बऱ्याच प्रदेशांत ती याहून पुष्कळ बरी निघाली, तथापि सह्याद्रीच्या कड्यासारख्या प्रदेशात ३० किंवा ९० मीटरांच्या चौकोनाला एकच उंची देणारी पद्धत कडा हा कडा म्हणून दाखवू शकत नाही. तो तीव्र उतार होतो. शिवाय रडारची लहर झाडांच्या शेंड्यांवरून व घरांच्या छपरांवरून परत येते, म्हणून दाट वस्तीत जमीन आहे त्याहून उंच भासते. हा दोष केवळ सैद्धान्तिक नाही. स्कॉट कल्प व बेंजामिन स्ट्राउस यांनी २०१९ साली किनारी प्रदेशांच्या उंचीतील ही चूक सुधारून पुन्हा गणित केले, तेव्हा या शतकात समुद्राच्या वाढत्या पातळीने ज्यांच्या वस्त्या धोक्यात येतील अशा लोकांची संख्या एसआरटीएमवरून काढलेल्या संख्येच्या तिप्पट भरली. समुद्र तोच, किनारा तोच, लोकही तेच. केवळ भूमीच्या उंचीचा तक्ता बदलला होता. अर्थात सुधारलेला तक्ताही अंदाजच आहे, आणि मुंबई बुडणार अशा ज्या बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या त्यांत हा भाग गाळला गेला.

नावे व ठिकाणे यांकडे वळले असता चुकीचे स्वरूप पालटते. येथे मोजमाप बरोबर असूनही उत्तर चुकते. २०१२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी ॲपलच्या नकाशाबाबत जाहीर इशारा दिला : मिल्ड्युरा या शहराकडे निघालेले प्रवासी सुमारे ७० किलोमीटर दूर एका निर्जल राष्ट्रीय उद्यानात जाऊन अडकत होते. ऑस्ट्रेलियाच्या स्थलनामकोशात मिल्ड्युरा या नावाच्या दोन नोंदी होत्या, एक शहराची व दुसरी त्याच नावाच्या विस्तीर्ण स्थानिक प्रशासन-क्षेत्राची. त्या क्षेत्राचा मध्यबिंदू अरण्यात पडत होता. कोशातील दोन्ही नोंदी बरोबर होत्या.

महाराष्ट्रात या प्रकाराला अमर्याद वाव आहे. बुद्रुक व खुर्द या जोडगावांतील फरक नकाशाच्या शोधात पुष्कळदा पुसला जातो. वडगाव नुसते विचारावे तर मावळातील की पुणे शहरालगतचे, हे यंत्र शोधणाऱ्याच्या सान्निध्यावरून ठरविते. महसुली गाव, गावठाण व वाडी या तीन भिन्न गोष्टी आहेत. देशावर गावठाण हे एकवट असते, म्हणून गावासाठी एक बिंदू पुरतो. कोकणात गाव म्हणजे डोंगरउतारावर पसरलेल्या वाड्यांचा समूह. त्याचा मध्यबिंदू काढला तर तो एखाद्या सड्यावर वा काजूच्या बागेत पडेल आणि तेथे कोणीही राहत नसेल. प्राथमिक आरोग्यकेंद्रापासून गावांची अंतरे काढून सेवेची उपलब्धता ठरविणाऱ्या अभ्यासात हा बिंदू कोठून आला हे न पाहिले, तर निष्कर्ष देशासाठी ठीक व कोकणासाठी भ्रामक ठरू शकतो. शिवाय नावे रोमन लिपीतून फिरून देवनागरीत आलेली असतात. त्या वाटेत ळ व ल, ण व न, ट व त यांमधील भेद हरवतो, आणि पुण्याजवळच्या कळसाचे ‘कलस’ होते. भाषाभ्यासकाला ग्रामनामांची व्युत्पत्ती शोधण्यासाठी अशी आधारसामग्री जवळजवळ निरुपयोगी आहे.

काळाच्या बाबतीतील दोष सर्वांत महाग पडतात. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोतूळच्या रस्त्यावरील एक पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली वर्षातील काही महिने बुडालेला असतो. जानेवारी २०२१ मध्ये रात्रीच्या वेळी नकाशाने दाखविलेल्या वाटेने आलेली एक मोटार त्या पाण्यात गेली व तिच्यातील एकाचा अंत झाला. रस्ता होता, पूलही होता. नकाशात चूक काढावयाची तर ती एवढीच की पूल बारमाही नाही हे तो सांगत नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील पुलावरून मोटार कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. त्या पुलाचा काही भाग पूर्वीच्या पुरात वाहून गेलेला होता. तेथे रस्त्यावर पुरेसा अडथळा नव्हता म्हणून बांधकाम खात्याच्या अभियंत्यांविरुद्धही गुन्हा नोंदविण्यात आला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे : नकाशावर न उमटलेली गोष्ट जमिनीवरही कोणी लिहून ठेवली नव्हती. उपग्रह-प्रतिमांचेही असेच आहे. पडद्यावर सलग दिसणारे चित्र वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या तुकड्यांचे जोडकाम असते. गूगल अर्थ या प्रणालीत प्रतिमेची तारीख पाहता येते; नेहमीच्या नकाशात ती सहसा दिसत नाही. दोन तुकड्यांच्या सांध्यावर एका बाजूस पावसाळ्यातील हिरवे रान व दुसऱ्या बाजूस एप्रिलमधील उघडी जमीन दिसत असेल, तर ती वनतोडीची सीमा नव्हे, एवढे तरी भूमिवापराच्या अभ्यासकाला ओळखता यावे.

अनेक नकाशे एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी, हा युक्तिवादही तपासून घ्यावयास हवा. ऑस्ट्रेलिया व न्यू कॅलिडोनिया यांच्या दरम्यान कोरल समुद्रात ‘सँडी’ नावाचे सुमारे २५ किलोमीटर लांबीचे एक बेट अनेक नकाशांत होते. १८७६ साली ‘व्हेलॉसिटी’ या देवमासे पकडणाऱ्या जहाजाने त्याची वार्ता दिली होती. फ्रेंच जलालेखकांनी १९७० च्या दशकात ते आपल्या आलेखांतून काढून टाकले; परंतु जुन्या आलेखांवरून अंकरूप केलेल्या जागतिक किनाररेषेच्या संचात ते शिरले होते, आणि तेथून गूगलच्या नकाशात व कित्येक वैज्ञानिक संचांत गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मारिया सीटन व त्यांचे सहकारी ‘सदर्न सर्व्हेयर’ या संशोधन-नौकेतून त्या स्थळी पोहोचले, तेव्हा तेथे १,३०० मीटरांहून अधिक खोल पाणी होते. समुद्राच्या खोलीच्या काही जागतिक संचांतही त्या ठिकाणी जमीन धरली गेली होती, कारण त्यांनी किनारा त्याच मूळ संचातून घेतला होता. दहा साक्षीदार होते, पण पाहणारा एकच, आणि तोही १८७६ मधला.

राजकीय सीमांविषयी अधिक विस्ताराची आवश्यकता नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये निकाराग्वाचे सैनिक कोस्टा रिकाच्या दाव्यातील सॅन हुआन नदीच्या मुखाजवळच्या भूमीत शिरले, तेव्हा त्यांच्या मोहिमेच्या प्रमुखाने गूगलच्या नकाशाचा हवाला दिला. तेथील सीमारेषा कमाल २.७ किलोमीटरांपर्यंत चुकली असल्याचे गूगलने पुढे मान्य केले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निर्णय कोस्टा रिकाच्या बाजूने दिला, तो १८५८ च्या तहावरून. कोणत्याही पडद्यावरून नव्हे. एकच वादग्रस्त सीमा निरनिराळ्या देशांतील वाचकांना निरनिराळी दाखविण्याचीही प्रथा आता रूढ आहे. तेव्हा परदेशी नियतकालिकासाठी नकाशा उतरवून घेणाऱ्याने तो कोणत्या देशातून पाहिला, हाही त्या नकाशाच्या पूर्वेतिहासाचा भाग ठरतो.

समास अजिबात नाहीसा झाला आहे, असे मात्र म्हणता येणार नाही; तो हलविला गेला आहे. ओपनस्ट्रीटमॅपमधील प्रत्येक बिंदूला आवृत्तिक्रमांक व तारीख असते. तो शेवटी कधी बदलला हे पाहता येते. मॉर्देखाय हॅकले यांनी २०१० साली लंडनच्या परिसरातील या नकाशाची ब्रिटिश शासकीय नकाशाशी तुलना केली असता स्थानांतील सरासरी फरक सुमारे ६ मीटर आढळला, आणि विपन्न वस्त्यांची नोंद सधन वस्त्यांपेक्षा अपुरी दिसली. पहिला निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो, दुसरा तितका होत नाही. वस्तुतः समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसराच अधिक उपयोगाचा आहे. शासकीय संचांबरोबर वर्णनपत्रे असतात. ती वाचण्याचा कंटाळा न करता आधारसामग्रीचे नाव, आवृत्ती, उतरवून घेतल्याची तारीख, डेटम, आणि मूळ प्रमाण वा चौकोनाचा आकार एवढ्या पाच गोष्टी प्रबंधातील प्रत्येक नकाशाखाली द्यावयास फार तर दोन ओळी लागतात. ‘आधार : ऑनलाइन नकाशा’ एवढाच उल्लेख हा ‘आधार : एक पुस्तक’ म्हणण्यासारखा आहे, आणि परीक्षकांनी तो तितक्याच कठोरपणे नाकारावा.

जुन्या स्थलदर्शक पत्रकांवर वर्षातील बराच काळ कोरडे राहणारे ओढे काळ्या रेघेने व पाण्याचे प्रवाह निळ्या रंगाने दाखवीत. नदी ओलांडण्याच्या ठिकाणी पूल आहे, फरसबंद बांध आहे की नुसता उतार आहे, यासाठीही वेगवेगळी चिन्हे असत. ऋतूची जाणीव अशा रीतीने चिन्हसूचीतच होती. कोतूळसारख्या ठिकाणचा रस्ता अमुक महिन्यांत बंद असतो, अशी नोंद करण्याची सोय ओपनस्ट्रीटमॅपच्या रचनेतही आहे. ती नोंद उपग्रह-प्रतिमेवरून करता येत नाही, त्या रस्त्याने बारा महिने ये-जा करणाऱ्या कोणी तरी ती करावी लागते.